दरसालचे बियाणे आणि दरसालची आज्ञावली

मृग नक्षत्राच्या सुमारास पांढरकवड्याच्या कृषी केंद्रांपुढे जी गर्दी होते, ती मुख्यतः कपाशीच्या बियाण्यासाठी असते. केळापूर तालुक्यातील शेतकरी एकेकाळी आपल्याच सरकीतून पुढच्या सालचे बियाणे राखून ठेवीत असे. पुढे संकरित वाण आले, आणि २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर घरचे बियाणे ही गोष्ट जवळजवळ इतिहासजमा झाली. आज बियाणे हा दरसालचा रोख खर्च आहे. शेतकरी त्याबद्दल कुरकुर करतो, परंतु त्याचे गणित त्याला तोंडपाठ असते. याच गावातील कचेऱ्या, शाळा, दुकाने आणि वकिलांच्या बैठकी यांमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत काहीसा याच जातीचा बदल घडून आला आहे. त्याचे गणित मात्र फारसे कोणी मांडलेले दिसत नाही. पत्रे लिहिण्याची आणि हिशेब मांडण्याची जी संगणकीय आज्ञावली, म्हणजे व्यवहारातील सॉफ्टवेअर, एकदा विकत घेतली की संगणक चालेपर्यंत पुरत असे, तिचे आता दरसाल भाडे द्यावे लागते. आणि हे भाडे वाढत चालले आहे.

पांढरकवडा हे तालुक्याचे ठिकाण. तहसील व उपविभागीय कचेरी, न्यायालय, नगरपरिषद, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय व त्याच्या आधिपत्याखालील आश्रमशाळा, बाजार समिती, जिनिंगचे कारखाने, पतसंस्था आणि या सर्वांच्या अवतीभवती पोट भरणारे टंकलेखक, करसल्लागार व सेवा केंद्रांचे चालक, असा येथील कागदी कारभाराचा पसारा आहे. यांतील कोणाचेही काम आज वर्ड आणि एक्सेल यांच्यावाचून, किंवा त्यांच्यासारख्या साधनांवाचून, चालत नाही. म्हणूनच हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांपुरता आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च दिसतही नाही. तालुक्याच्या गावातील तीन संगणकांच्या दुकानाला तो जाणवतो.

विक्रीकडून भाड्याकडे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'ऑफिस ३६५' या नावाने वार्षिक वर्गणीची पद्धत २०११ साली सुरू केली आणि २०२० साली तिचे नाव 'मायक्रोसॉफ्ट ३६५' असे झाले. जानेवारी २०२५ मध्ये या आज्ञावलीत 'कोपायलट' हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस घालण्यात आला आणि त्याबरोबर घरगुती वर्गणीही वाढविण्यात आली. भारतात एका व्यक्तीसाठीची वार्षिक वर्गणी ४,८९९ रुपयांवरून ६,८९९ रुपयांवर गेली. कुटुंबासाठीची ६,१९९ वरून ८,१९९ वर. पहिली वाढ ४० टक्क्यांहून अधिक आहे, तर दुसरी ३२ टक्क्यांची. व्यापारी योजनांचे दर २०२२ साली वाढले होतेच; ते जुलै २०२६ पासून पुन्हा वाढतील, असे कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते. आपसमेळ योजनेतील छोट्या दुकानदाराला किंवा शाळेला ती मिळत नाही. म्हणजे ज्याची कुवत कमी, त्याच्यावर भार पूर्ण.

या रकमेचा अर्थ पांढरकवड्याच्या भाषेत सांगावयाचा तर असा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका व्यक्तीची वर्षाची वर्गणी सुमारे ८५ किलो कापसाइतकी झाली. त्याच हंगामात बीटी कपाशीच्या, अर्थात बीजी-२ च्या, ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. त्या हिशेबाने वर्गणीच्या रकमेत साडेसात पाकिटांहून अधिक, म्हणजे तीन-चार एकरांच्या लागवडीचे, बियाणे येते. शेतकऱ्याचा मुलगा यवतमाळला किंवा नागपूरला शिकत असेल तर हा खर्च त्याच घरातून जातो.

बियाण्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी तसेच उगवत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. आज्ञावली मात्र झिजत नाही, कुजत नाही आणि तिला कीड लागत नाही. ती वर्षाअखेरीस बंद पडते ती केवळ करारामुळे. वर्गणी संपली की जुनी कागदपत्रे उघडून वाचता येतात, छापता येतात. परंतु त्यांत दुरुस्ती करता येत नाही. स्वतः लिहिलेल्या पत्रात फेरफार करण्यासाठी भाडे भरावे लागावे, ही स्थिती टंकयंत्राच्या काळात कोणाला पटवूनही देता आली नसती.

एकदाच विकत घेण्याची सोय पूर्णतः नाहीशी झालेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. 'ऑफिस २०२४' तशी मिळते. परंतु तिच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची हमी २०२९ पर्यंतच आहे. २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांची हमी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि त्याच दिवशी 'विंडोज १०' चीही मुदत सरली. ज्यांचे जुने संगणक 'विंडोज ११' पेलू शकत नाहीत, त्यांच्यापुढे यंत्र आणि आज्ञावली असे दोन्ही खर्च एकदम उभे राहिले.

किंमत कशाची?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या वस्तूचा स्वभाव विलक्षण आहे. पहिली प्रत तयार करण्यास अफाट खर्च येतो. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च शून्याच्या जवळपास असतो. अशा वस्तूची किंमत उत्पादनखर्चावरून ठरू शकत नाही. ती ठरते ग्राहकाच्या अडचणीवरून. मायकेल कॅट्झ आणि कार्ल शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवून दिले की, काही वस्तूंची उपयुक्तता त्या वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते. दूरध्वनी हे त्याचे सोपे उदाहरण. वकील वर्ड वापरतो, कारण त्याचा टंकलेखक वर्ड वापरतो. टंकलेखक वापरतो, कारण कचेरीतून येणारा नमुना वर्डमध्ये असतो. या साखळीतील कोणीही एकटा बाहेर पडू शकत नाही. बाहेर पडण्याचा खर्च जेवढा, तेवढी किंमत वाढविण्याची विक्रेत्याला मोकळीक.

ही मक्तेदारी अभेद्य असते असे मात्र नाही. १९८० च्या दशकात भारतातील कचेऱ्यांत वर्डस्टार आणि लोटस १-२-३ यांचे राज्य होते. त्यांचे वर्ग चालत, त्यांची प्रमाणपत्रे भिंतीवर टांगली जात. पुढल्या दशकात ती दोन्ही नावे विस्मरणात गेली. लोकांनी नवी बटणे शिकून घेतली आणि कोणाचे काम अडले नाही. सवय बदलण्याचा खर्च असतो, पण तो एकदाचा असतो. भाडे दरसालचे असते. हा साधा फरक निर्णय घेताना बहुधा विसरला जातो.

ग्राहकाच्या अडचणीचा फायदा कसा घेतला जाऊ शकतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात पुढे आले. कोपायलट नको असलेल्या जुन्या वर्गणीदारांना पूर्वीच्याच दरात राहण्याची सोय होती; परंतु वर्गणी रद्द करू लागल्याशिवाय ती ग्राहकाच्या दृष्टीस पडत नव्हती, असा आरोप ठेवून तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीवर दावा दाखल केला. सुमारे २७ लाख ग्राहकांचा त्यात संबंध असल्याचे आयोगाचे म्हणणे होते. पुढील महिन्यात कंपनीने तेथील ग्राहकांची क्षमा मागून परताव्याची तयारी दर्शविली.

चोरीचा खोटा दिलासा

या सर्व विवेचनावर एक व्यावहारिक उत्तर लगेच मिळेल. तालुक्याच्या गावात पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतो कोण? संगणक विकणाराच ते 'टाकून' देतो. हे खरे आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या 'बीएसए' या संघटनेच्या अंदाजानुसार २०१७ साली भारतातील ५६ टक्के आज्ञावली विनापरवाना होती. अंदाज कंपन्यांचाच असल्यामुळे तो सावधपणे घ्यावा. पण रोग व्यापक आहे, याबद्दल वाद नाही.

हा दिलासा तीन कारणांनी खोटा आहे. पहिले कारण कायद्याचे. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार चोरीची आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरे कारण सुरक्षिततेचे. कुलूप फोडून दिलेल्या प्रतीबरोबर घरात आणखी काय शिरले, हे कोणालाच ठाऊक नसते; आणि पतसंस्थेच्या खात्यांची किंवा आश्रमशाळेच्या दाखल्यांची नोंद ज्या यंत्रावर आहे, तेथे हा जुगार परवडणारा नाही. तिसरे कारण आर्थिक आहे आणि तेच सर्वांत कमी ओळखले जाते. चोरीची प्रत ही मक्तेदारीची शत्रू नसून पोशिंदी आहे. ती वापरणाऱ्याची सवय फुकटात घडविते, स्वस्त पर्यायाची गरज भासू देत नाही, आणि त्या सवयीची वसुली पुढे शाळा, बँका व सरकारी कचेऱ्या यांच्याकडून होते.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

प्रामाणिक पर्याय उपलब्ध आहेत. जर्मनीतील 'स्टारऑफिस' ही आज्ञावली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतली आणि तिची मूळ संहिता २००० साली सर्वांना खुली केली. त्यातून 'ओपनऑफिस' आणि २०१० मध्ये 'लिबरऑफिस' जन्माला आली. लिबरऑफिसचा सांभाळ 'डॉक्युमेंट फाउंडेशन' ही जर्मनीत नोंदलेली ना-नफा संस्था करते. तिला किंमत नाही, वर्गणी नाही, किती संगणकांवर घालावी याला मर्यादा नाही. ती विंडोजवर चालते तशी लिनक्सवरही चालते आणि तिच्या सूचना मराठीत पाहता येतात. पत्र, तक्ता, पगारपत्रक, विद्यार्थ्यांची यादी, सादरीकरण या नित्याच्या कामांना ती पुरेशी आहे.

दुसरा मार्ग महाजालावरून चालणाऱ्या सेवांचा. गुगलची साधने व्यक्तीला विनामूल्य मिळतात. तमिळनाडूच्या तेनकाशी जिल्ह्यातील खेड्यातून काम करून नाव मिळविलेल्या 'झोहो' या भारतीय कंपनीची साधनेही आहेत. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-टपाल व्यवस्था तिच्या मंचावर गेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ही साधने स्वस्त आहेत, परंतु स्वस्त आणि स्वतंत्र यांत फरक केला पाहिजे. येथेही संहिता कंपनीची, कागद कंपनीच्या यंत्रावर आणि दर ठरविण्याचा अधिकार कंपनीचाच. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या 'नायरा एनर्जी' या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाचे स्वतःचेच टपाल परक्या निर्णयाने बंद पडू शकते, तर लहानांनी काही कागद तरी स्वतःच्या कपाटात ठेवावेत, हा बोध त्यातून निघतो.

लिबरऑफिसच्याही मर्यादा आहेत आणि त्या झाकून तिचा प्रचार करणे हिताचे नाही. वर्डमध्ये सजविलेला मजकूर तिच्यात उघडला की काही वेळा ओळी सरकतात, तक्ते विस्कटतात. एक्सेलमधील गुंतागुंतीच्या स्वयंचलित आज्ञा तिच्यात नीट चालतातच असे नाही. करसल्लागाराची अडचण तर सरकारनेच निर्माण केलेली आहे: २०२५-२६ या करनिर्धारण वर्षातही आयकर खात्याने काही विवरणपत्रांची साधने एक्सेलच्या स्वरूपात दिली. संकेतस्थळावर थेट विवरण भरण्याचा मार्ग खुला असला तरी, ज्याच्याकडे अशिलांचा गठ्ठा आहे तो एक्सेल सोडण्यास धजावत नाही. अशा माणसाने एक्सेल ठेवावेच. पण कार्यालयातील पाच संगणकांपैकी एकालाच जे हवे, ते पाचही संगणकांवर भाड्याने घेण्याचे कारण नाही.

इतरांचा अनुभव

मोठ्या प्रमाणावरील स्थित्यंतराची दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. म्युनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५ हजार संगणक मुक्त आज्ञावलीवर नेले आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा ठराव केला. एक बेट इतर सर्व किनाऱ्यांशी वेगळ्या भाषेत बोलू लागले की काय होते, याचा तो धडा होता. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांसाठी लिबरऑफिसचा निर्णय घेतला. २०२५ च्या अखेरीस करखाते वगळता सुमारे ८० टक्के काम पूर्ण झाल्याचे आणि २०२६ मध्ये परवान्यांवरील दीड कोटी युरोंहून अधिक खर्च वाचणार असल्याचे तेथील सरकारने सांगितले. फरक असा की, येथे एका नगरपालिकेऐवजी संपूर्ण राज्ययंत्रणा एकत्र हलली.

आणखी जवळचे उदाहरण केरळचे आहे. तेथील सरकारी शाळांनी २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुक्त आज्ञावलीची कास धरली. पाठ्यपुस्तके तिच्यावर लिहिली गेली, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले गेले. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मिळून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा 'काइट' या तेथील सरकारी संस्थेने २०१९ मध्ये केला. छापील किमती धरून केलेला हा हिशेब अर्धा मानला, तरी रक्कम लहान नाही. केरळला यश मिळाले ते खरेदीपासून सुरुवात न करता शिक्षणापासून केल्यामुळे.

सवय घडविणारे हात

येथे प्रश्नाच्या मुळाशी येता येते. महाराष्ट्रात ही सवय कोणी घडविली? २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत संगणक-साक्षरता पोचविणारा ठरला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी हे किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागते. या अभ्यासक्रमात वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट यांचा सराव हा मोठा भाग राहिला आहे. परिणाम असा की, नावातील 'एमएस' म्हणजे 'महाराष्ट्र स्टेट' हे विसरून ती मायक्रोसॉफ्टची अक्षरे आहेत, असा समज सहज होतो. कंपनीला जाहिरातीवर कोट्यवधी खर्चूनही जे साधले नसते, ते शासनाच्या पात्रता-नियमाने साधून दिले.

धोरणाच्या कागदांत तर उलटेच लिहिलेले आहे. केंद्राने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलीच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. त्याआधी, मायक्रोसॉफ्टच्या कागद-स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक करण्याच्या प्रस्तावाला भारताने २००७ मध्ये विरोध केला आणि २००८ मध्येही तो कायम ठेवला. ओडीएफ हे मुक्त स्वरूप २००६ सालीच आंतरराष्ट्रीय मानक झाले होते. म्हणजे दिल्लीत मत एक आणि तालुक्याच्या कचेरीतील नमुना दुसरा, अशी ही विसंगती आहे.

मानक नसल्याची किंमत मराठी माणसाने पूर्वी एकदा मोजलेली आहे. युनिकोड येण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी अक्षरवळणाची संकेतपद्धती निराळी होती. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसे. त्या काळातील अनेक फायली आजही वाचण्यासाठी जुने वळण शोधत बसावे लागते. मजकूर आपला आणि किल्ली दुसऱ्याची, याचा अर्थ मराठी कचेऱ्यांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

करावयाचे काय?

कपाशीच्या बियाण्याच्या बाबतीत सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला आणि तेव्हापासून पाकिटाची कमाल किंमत सरकार ठरविते. आज्ञावलीसाठी तसा आदेश काढण्याची गरज नाही. तो व्यवहार्यही होणार नाही. बियाण्याला घरचा पर्याय उरला नव्हता, म्हणून नियंत्रण आणावे लागले. येथे पर्याय हाताशी आहे. गरज आहे ती शासनाने स्वतःचे वर्तन बदलण्याची. शासनाने प्रसिद्ध केलेला प्रत्येक नमुना मुक्त स्वरूपातही द्यावा आणि नागरिकाकडून आलेला मुक्त स्वरूपातील कागद नाकारू नये. संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमांत एका कंपनीच्या बटणांऐवजी लेखन, गणन आणि मांडणी यांची तत्त्वे शिकवावीत, आणि परीक्षा कोणत्याही आज्ञावलीवर देण्याची मुभा असावी. आश्रमशाळा व जिल्हा परिषदेच्या शाळा यांत नव्या संगणकांवर मुक्त आज्ञावली घालूनच खरेदी व्हावी, आणि वाचलेल्या रकमेचा एक भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. प्रशिक्षणावाचून केलेली बचत दोन वर्षांत वाया जाते.

खाजगी व्यावसायिकाने शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. लिबरऑफिस वर्डशेजारी त्याच संगणकावर नांदू शकते. वर्गणीची मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी ती एका यंत्रावर घालावी, नित्याची पत्रे व तक्ते तिच्यात करून पाहावेत, जे जमत नाही त्याची यादी करावी आणि मग किती परवाने खरोखर लागतात ते ठरवावे. बाहेर पाठवायचा अंतिम कागद पीडीएफमध्ये द्यावा, म्हणजे ओळी सरकण्याची तक्रार उरत नाही. पाचांतील चार परवाने अनावश्यक ठरले, तरी वर्षाकाठी कित्येक हजार रुपये दुकानात राहतील.

पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या बाजारात निवड करण्यास फारसा वाव राहिला नाही. त्याच्या मुलाला संगणकाच्या बाजारात तो अजून आहे. मात्र दुसरे काही असू शकते हे त्याला कोणी दाखविलेच नाही, तर असलेला वावही नसल्यासारखाच ठरेल. आणि ते दाखविण्याची पहिली जबाबदारी शाळेची, महाविद्यालयाची व शासनाची आहे.